दोन वर्षांनी बालवाडी उघडताना, आणि पुढच्या उन्हाळी सुट्टीसाठी

फेब्रुवारी २०२२ मधला प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिला मंडळाची बालवाडी आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे अंगण. तीन ते सहा वयाची ३६ मुले, तीन ताई आणि एक मदतनीस मावशी. कोविडमुळे मार्च २०२० पासून कुलूप. शासनाने २४ जानेवारी २०२२ पासून पूर्वप्राथमिक वर्गांना परवानगी दिली, स्थानिक प्रशासनाचा होकारही मिळाला, आता फेब्रुवारीच्या मध्यावर दार उघडायचे आहे. तयारी काय करावी? आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत पालकांना घरी करण्यासारखे काय द्यावे?

आधी पैशांचे बोलू, कारण चूक तिथेच होते. थर्मल गन, पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड आणि खोल्यांची फवारणी या तीन गोष्टींवर बहुतेक संस्थांचा पहिला खर्च होतो, आणि तिन्हींचा उपयोग सगळ्यात कमी. थर्मल गन उन्हातून चालत आलेल्या मुलाचे कपाळ मोजते, ताप मोजत नाही. शिवाय लागण झालेल्या कित्येक लहान मुलांना ताप येतच नाही. फवारणीने भिंती ओल्या होतात, एवढेच. हेच पैसे एक एक्झॉस्ट फॅन, दोन जादा नळ आणि अंगणातली शेडनेट यांवर घाला.

कोविडचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बंद खोलीत तो बिडीच्या धुरासारखा साचतो. ओढणारा एका कोपऱ्यात असला तरी वास सगळ्यांना येतो. म्हणून तुमचा खरा वर्ग पडवीत आणि अंगणात. खोल्या फक्त कडक ऊन, झोप आणि अडीअडचणीसाठी. गाणी, बडबडगीते, मोठ्याने ओरडायचे खेळ हे सगळे बाहेरच घ्या, कारण मोठ्या आवाजात तोंडातून जास्त कण उडतात.

खोल्यांची हवा तपासायला यंत्र लागत नाही. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडा, पंखा बंद करा, आणि खोलीच्या मध्यावर जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे बसलेल्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर, पेटलेली अगरबत्ती धरा. धूर एका बाजूला वाकून बाहेर निघाला तर खोली चांगली. सरळ वर गेला किंवा घुटमळला तर हवा हलत नाही. मग चारही कोपऱ्यांत तेच करून पाहा. एखादा कोपरा मेलेला निघतोच. तिथे मुलांना बसवू नका, कपाट ठेवा. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. खिडक्या लावून पंखा फिरवला तर उलट एका मुलाचा श्वास सगळ्यांपर्यंत पोचतो.

पंधरा बाय वीस फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे ३००० घनफूट, साधारण ८५ घनमीटर हवा. तासाला सहा वेळा ती बदलायची तर ५१० घनमीटर हवा बाहेर टाकावी लागेल. बारा इंची एक्झॉस्ट फॅन हे काम करतो. मात्र खोक्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्मीच क्षमता धरा. जाळी, धूळ आणि विजेचा कमी दाब बाकीची खातात. फॅन दाराच्या समोरच्या भिंतीत, वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकेल असा बसवा. दाराशेजारी बसवला तर दारातून आलेली ताजी हवा तिथल्या तिथे बाहेर पडते आणि आतला भाग तसाच राहतो. इलेक्ट्रिशियन हमखास अशीच सोपी जागा निवडतो, कारण वायर कमी लागते. तेव्हा समोर उभे राहून जागा दाखवा.

मास्कचे: केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांनुसार पाच वर्षे आणि त्याखालच्या मुलांना मास्कची शिफारस नाही. सक्ती करू नका. ही मुले तो चघळतात, अदलाबदल करतात, ओला करतात. मास्क ताईंनी, मावशींनी आणि रिक्षाकाकांनी लावायचा, नाक झाकून. पण ज्या वयात मूल ओठ बघून बोलायला शिकते त्या वयात ताईचे अर्धे तोंड सतत झाकलेले असणेही बरे नाही. तोड अशी की गोष्ट आणि गाणे अंगणात, ताई मुलांपासून सहा फुटांवर, मास्क खाली. खोलीत शिरताना वर. पारदर्शक मास्कवर वाफ धरते, त्यात पैसे घालू नका.

पाच वर्षांखालच्यांसाठी आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये कोविडची लस नव्हती, म्हणून त्यांचे संरक्षण म्हणजे भोवतालच्या मोठ्यांची लस. ताई, मावशी, रिक्षाकाका, डबा पोचवणारी आजी, सगळ्यांचे दोन्ही डोस झालेत का हे संमतीपत्र भरून घेतानाच विचारा. नसतील तर मुलाला अडवू नका. उपकेंद्रातल्या लसीकरणाचा दिवस सांगा.

आता इमारत. दोन वर्षे बंद असलेल्या जागेत मुले आणण्याआधी एक पूर्ण दिवस, दोन मोठी माणसे, हातात काठी आणि टॉर्च. कपाटामागे, चटयांच्या गुंडाळीत, खेळण्यांच्या टोपलीत विंचू, पाली, क्वचित साप असतो. गुंडाळी हाताने नव्हे, काठीने उलगडायची. छताच्या कोपऱ्यात गांधीलमाशीचे पोळे बघा. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर बोर्डावर तपकिरी डाग दिसतो. गॅसच्या नळीवर छापलेली मुदत वाचा, संपली असेल तर बदला. घसरगुंडीचे आणि झोक्याचे नट-बोल्ट गंजतात. प्रत्येक पायावर मोठ्या माणसाने वजन टाकून हलवून पाहायचे. वाळूच्या खड्ड्यात मांजरांनी घाण केलेली असते, तेव्हा वरची सहा इंच वाळू काढून नवी टाका. उरलेली डाळ, शेंगदाणे, तिखट सरळ फेका. शेंगदाण्याच्या बुरशीतले विष भाजूनही पुरते जात नाही.

पाण्याची टाकी हा वेगळा दिवस. टाकी पूर्ण उपसा, साबण न वापरता ब्रशने घासा, गाळ काढा. मग पुन्हा भरून त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घाला. मात्रा लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. ५०० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम क्लोरीन लागेल; पावडरीत साधारण पाव भाग क्लोरीन धरला तर १०० ग्रॅम पावडर. ती बादलीभर पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ टाकीत ओता. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी सगळे पाणी नळांतूनच सोडून द्या, म्हणजे पाइपही धुतले जातात. त्यानंतर भरलेल्या पाण्याची ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून करून घ्या. पिवळसर रंग आला पाहिजे. पावडर उघड्या पोत्यातली जुनी असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. पुष्कळ ठिकाणी मात्रा बरोबर असून पाणी अशुद्ध निघते ते यामुळे.

रोजच्या सफाईला साबणपाणी पुरे. दाराच्या कड्या, नळ, संडासाची भांडी यांना दिवसातून एकदा ०.१ टक्क्याचे ब्लीचचे पाणी: ४ टक्के लिहिलेले द्रव ब्लीच असेल तर २५ मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर भरायचे, ५ टक्क्यांचे असेल तर २० मिलिलिटर. आधी मळ पुसायचा, मग हे लावून दहा मिनिटे ओले ठेवायचे, मग साध्या पाण्याने पुसायचे. मळावरच ब्लीच ओतले तर ते मळाशीच संपते. द्रावण रोज ताजे करा. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि मावशींचा जीव घुसमटतो. आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नका. खेळणी साबणाने धुऊन उन्हात, बस्स. कापडी बाहुल्या ठेवा, काढू नका, आठवड्याला धुवा.

हात धुण्याचा हिशेब कागदावर करून बघा. एका मुलाला ४० सेकंद धरली तर ३६ मुलांना एका नळावर २४ मिनिटे. तोवर पहिल्याने पुन्हा मातीत हात घातलेला असतो. तीन नळ हवेत, मुलांच्या कमरेच्या उंचीवर. जादा नळ शक्य नसतील तर पाच लिटरचे कॅन आडव्या बांबूला टांगून दोरीने पायपट्टीला बांधा आणि साबण जुन्या पायमोज्यात घालून शेजारी लटकवा. साबण हरवत नाही, घसरत नाही, आणि मुलांना तो दाबायला मजा येते. सॅनिटायझर मोठ्यांसाठी, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. त्यात अल्कोहोल असते आणि गोड वासाचे असेल तर मूल ते पिते.

डबा पडवीत, भिंतीला पाठ लावून एका ओळीत. पंगतीची आपली जुनी पद्धत इथे नेमकी उपयोगी पडते, कारण तोंडासमोर तोंड येत नाही. अन्नातून हा आजार पसरत नाही, पण मास्कशिवाय समोरासमोर बसून खाताना पसरतो. पहिले काही आठवडे एकमेकांच्या डब्यातले खाणे थांबवावे लागेल. ते कायमचे नाही हे मुलांनाही सांगा.

आता खऱ्या अवघड भागाकडे. फेब्रुवारी २०२२ मध्ये जे मूल तीन वर्षांचे आहे ते पहिल्या टाळेबंदीच्या वेळी एक वर्षाचे होते. पाच वर्षांचे तेव्हा तीनचे. म्हणजे तुमच्या ३६ मुलांपैकी जवळजवळ एकानेही बालवाडी पाहिलेली नाही. दरवर्षी निम्मी मुले जुनी असतात, चप्पल कुठे काढायची, संडास कुठे, घंटा झाली की काय, हे नव्यांना तीच दाखवतात. या वर्षी दाखवणारे कोणी नाही. म्हणून ही बालवाडी ‘पुन्हा’ सुरू होत आहे असे धरून वेळापत्रक केले तर पहिल्याच दिवशी ३६ मुले एकदम रडतील आणि चार मोठी माणसे हतबल होतील.

नऊ-नऊच्या चार तुकड्या करा. एकाच रिक्षातून येणारी, एकाच वाड्यातली, भावंडे, चुलत भावंडे एका तुकडीत. ती बाहेर एकत्र असतातच. पहिला आठवडा दोन तुकड्या सोमवार-बुधवार-शुक्रवार, दोन मंगळवार-गुरुवार-शनिवार, फक्त एक तास. प्रत्येक तुकडीला एक ताई, तीच कायम. तिसरी ताई मोकळी: रडणारे मूल, शी-शू, दाराशी आलेले पालक. पहिल्या आठवड्यात आई किंवा आजी अंगणात, मुलाला दिसेल अशी बसलेली असावी. तिने खेळवायचे नाही, फोनही बघायचा नाही, नुसते असायचे. दुसऱ्या आठवड्यात दीड तास आणि त्यात पंधरा मिनिटे आई बाहेर जाते. जाताना सांगून जायचे. मूल खेळात गुंगले की मागच्या दाराने सटकणे ही सगळ्यांची आवडती युक्ती, आणि सगळ्यात महाग. त्या दिवशी रडणे वाचते, पण पुढे महिनाभर ते मूल पाठ फिरवायला तयार होत नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन तास, चौथ्यापासून रोज, दोन पाळ्यांत. ज्याला लागेल त्याला आईचा रुमाल किंवा ओढणीचा तुकडा खिशात ठेवू द्या.

पहिल्या आठवड्यात न रडलेली काही मुले दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडू लागतात. नवलाई संपते आणि हे रोजचेच आहे हे कळते, तेव्हा. पालक घाबरून विचारतात की कोणी मारले का. हे होणार आहे हे आधीच्या बैठकीतच सांगून ठेवा. चड्डी ओली होणे, चावणे, ढकलणे, खेळणे हिसकावणे हेही होईल. दोन वर्षे घरात एकटे असलेल्या मुलाला ‘तुझी पाळी, माझी पाळी’ कोणी शिकवलेलेच नसते. वाळूचा घमेला एक आणि मुले नऊ असे ठेवू नका. सुरुवातीला प्रत्येक आवडती वस्तू तीन-तीन ठेवा, महिन्याभराने कमी करा.

‘राहिलेला अभ्यासक्रम’ हा विषय पालक काढतीलच, विशेषतः ज्यांची मुले जूनमध्ये पहिलीत जाणार. तीन महिन्यांत मुळाक्षरे घोटून घ्यायला जाऊ नका. पेन्सिल धरायला लागणारी बोटे पीठ मळून, कागद फाडून, चिमटीने मटकी वेचून तयार होतात, आणि पहिलीच्या वर्गात पहिली अडचण अक्षरांची नसतेच. ती वीस मिनिटे इतरांबरोबर बसण्याची, आपले सामान सांभाळण्याची आणि ‘मला शू लागली’ हे बाईंना सांगता येण्याची असते. तेवढे झाले तरी पुष्कळ झाले.

पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाचे वजन, उंची आणि दंडघेर घ्या. अंगणवाडी ताईंकडे वजनकाटा आणि पट्टी असते, त्यांना बोलवा. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर अंगणवाडीच्या यादीत नाव आणि महिन्याला फेरतपासणी. लसीकरणाचे कार्ड मागवून बघा. टाळेबंदीत दीड वर्षाच्या वयातला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (त्रिगुणी लसीचा) बूस्टर पुष्कळांचा राहून गेला आहे, आणि पाच वर्षांचा बूस्टरही. बालवाडीत गोवर शिरला तर तो कोविडपेक्षा वेगाने पसरेल.

बोलणे उशिरा आलेली मुले या वर्षी जास्त दिसतील. लगेच शिक्का मारू नका, पण वाट बघतही बसू नका. तीन वर्षांचे मूल दोन-तीन शब्दांचे वाक्य करत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा दाखवता येते. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. इतरांनी सहा-आठ आठवडे रोजचे गाणे-गोष्ट-खेळ मिळाल्यावर वेग धरला नाही तर त्यांनाही पाठवा.

आजारपणाचा नियम एका ओळीचा करा, दारावर लावा, आणि स्वतःही पाळा: ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, उलटी, जुलाब, नवा खोकला यांपैकी काही असेल तर घरी. औषध न देता २४ तास ताप नसेल तर परत. कोविड निघाला तर जानेवारी २०२२ च्या सूचनांप्रमाणे चाचणीपासून सात दिवस, आणि शेवटचे तीन दिवस तापाशिवाय. त्या तुकडीच्या सगळ्या घरांना कळवायचे, नाव न घेता. ती तुकडी सात दिवस घरी. बाकी बालवाडी चालू. तुकड्यांचा खरा फायदा इथे. हा नियम कुठे मोडतो तेही सांगतो. आईला मजुरीला जायचे असते, म्हणून ती सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल पाठवते. अकराला औषध उतरते आणि ताप दिसतो. तिला रागावून काही होत नाही. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस बंद करा, आजारपणाच्या दिवसांची फी कापू नका, आणि शेजारच्या कोणाकडे मूल ठेवता येईल हे प्रवेश देतानाच तिच्याशी ठरवा.

मार्च लागला की वेळ सकाळी आठवर आणा. पडवीपुढे ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट, जमिनीपासून आठ फुटांवर तरी, नाहीतर खाली वाफ कोंडते. पत्र्याच्या घसरगुंडीला हाताची मागची बाजू लावा. पाच सेकंद ठेववत नसेल तर ती दोरीने बांधून बंद. पाणी तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या-पाऊण तासाला अर्धा पेला.

सुट्टीत पालकांना काय द्यावे? पहिले म्हणजे वर्कशीट नको, रोजचे नवे ‘उपक्रम’ नकोत. आठवड्याला एक गोष्ट, आणि ती घरात आधीच चाललेल्या कामातून. व्हॉट्सॲपवर एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, लांब मजकूर वाचवत नाही अशा आया असतात. आणि फोटो मागू नका. फोटो मागितला की काम आई करते, मूल शेजारी उभे राहते, आणि ज्यांच्या घरी साधा फोन आहे ती माणसे गटातून हळूच बाहेर पडतात.

वाळवणासारखा वर्ग दुसरा नाही. एप्रिलमध्ये प्रत्येक घरात पापड, कुरडया, सांडगे, शेवया चाललेल्याच असतात. तीन वर्षांच्या मुलाला पापडाच्या पिठाची गोळी द्या, ती वळता-दाबता बोटे तयार होतात. चार वर्षांचे मूल लाट्या दहा-दहाच्या ओळीत मांडू शकते. पाच वर्षांचे सांडगे घालते. जाड घातलेला वाळत नाही, पातळ घातलेला चिकटतो, हे त्याला दुसऱ्या दिवशी स्वतःच दिसते. सकाळी ओले, संध्याकाळी अर्धे, उद्या खडखडीत. उलटवायचे कधी, गोळा करायचे कधी, कावळ्याला हाकलायचे कोणी. ‘आधी’, ‘मग’, ‘अजून’, ‘पुरते’ हे शब्द शिकवायला याहून चांगली जागा नाही. आईला एवढेच सांगा की हात चालू असताना तोंडही चालू ठेव: काय करते आहेस ते बोल, मुलाला विचार, आणि उत्तर यायला दहा सेकंद थांब. एक धोका लक्षात ठेवायचा. कुरडईचा चीक उकळता असतो आणि अंगाला चिकटून राहतो. पातेले उतरवून सोऱ्यात भरेपर्यंत मूल ओट्यापासून किंवा चुलीपासून दूर, कोणाच्या तरी हाताला धरून.

मटकीला मोड आणणे हा दुसरा आठवडा. अर्धी वाटी मटकी सकाळी मुलानेच भिजत घालायची, आठ-दहा तासांनी कापडात बांधायची, दुसऱ्या दिवशी सोडून बघायची. सातच दाणे वेगळे ओल्या फडक्यावर ठेवले तर रोज एक काढून ओळीने मांडता येतो. उन्हाळ्यात गाठोडे घट्ट बांधून फार वेळ ठेवले तर आंबूस वास येतो. तोही दाखवा.

पाण्याचा खेळ: घमेल्यात तीन-चार इंच पाणी, लोटी, वाटी, गाळणी, रिकामी अर्ध्या लिटरची बाटली. किती वाट्यांत भरते ते मोजायचे. माण-खटावसारख्या भागात एप्रिलात टँकर असतो, तिथे हा खेळ भाजी धुतलेल्या पाण्याने करायचा आणि शेवटी ते पाणी झाडाला मुलानेच घालायचे. मोठे माणूस हातभर अंतरावर, आणि संपताच घमेले पालथे. लहान मूल चार इंच पाण्यातही बुडते.

खेळायचे पीठ घरी होते: दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, लागेल तसे पाणी. हळद किंवा बिटाचा रस रंगाला. झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस टिकते. मिठामुळे खरचटलेले बोट झोंबते, आणि हे पीठ खाणे धोक्याचे आहे, तेव्हा दोन वर्षांच्या भावंडाच्या हाती देऊ नये. चिंचोके, शेंगदाणे, हरभरे, मणी यांचेही तेच. लहान मुलांच्या घशात अडकतात आणि नाकातही जातात. नाकात गेलेला चिंचोका घरी काढू नका, पाणी ओतू नका. भिजून फुगला की काढणे अवघड होते.

सावलीचा खेळ मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला काहीच लागत नाही. सकाळी आठला अंगणात मुलाला उभे करून खडूने सावली आखा, दहाला पुन्हा त्याच जागी, संध्याकाळी पाचला पुन्हा. साताऱ्याच्या आसपास १०-११ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली नाहीशी होते. कोल्हापूरला हा दिवस त्याआधी ६ मेच्या सुमारास येतो, पुण्याला १३-१४ मेला. बाटली उन्हात, मूल सावलीत, दोन मिनिटांचे काम.

ज्या घरी दोघेही दिवसभर रानात किंवा कामावर, त्यांना यातले काहीच सांगू नका. त्यांना रात्रीचे सांगा: जेवणानंतर गच्चीवर किंवा अंगणात एक गोष्ट, घरच्या बोलीत. फोन अशा घरांत मुलाचा सांभाळ करत असतो, हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दोन ते चार वयाला दिवसात एक तासाहून जास्त पडदा नको, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. तास मोजत बसणे जमत नसेल तर एकच नियम द्या: जेवताना आणि झोपताना फोन नाही.

आजोळी जाणार असतील तर जावे. आजी-आजोबांचे दोन्ही डोस झालेले असावेत, निघण्याआधी घरात कोणी खोकत-शिंकत नसावे, आणि पहिले दोन-तीन दिवस उठबस-जेवण ओसरीवर. तिथे पोचल्यावर कोविडपेक्षा मोठे धोके दुसरेच असतात. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. कुंपण आणि काठाला बांधलेली गाठी मारलेली दोरी नसेल तर मुलांना त्या बाजूला सोडूच नये. उघडी विहीर, लाकडांच्या ढिगातला विंचू, रात्री जमिनीवरचे अंथरूण. विंचू चावला आणि मुलाला दरदरून घाम, उलट्या, हात-पाय गार असे दिसले तर मंत्र-लेप न करता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र. उन्हाळ्यात जुलाब झाले तर साखर-मीठ-पाणी: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नये. जास्त झाले तर त्रास वाढतो.

मुले सुट्टीवर असताना तुम्हाला एक काम उरते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सगळ्या खिडक्या बंद होतात, पडवी ओली होते, आणि फेब्रुवारीत मांडलेले हवेचे सगळे गणित कोसळते. मे महिन्यात सुताराला आणि पत्रेवाल्याला बोलावून प्रत्येक खिडकीवर दोन फुटांचा उतरता पत्रा घाला आणि पडवीला पश्चिमेकडून खाली सोडता येईल असे ताडपत्रीचे पडदे, खालची दीड फूट मोकळी. मग मुसळधार पावसातही खिडकी उघडी ठेवता येते. पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर आधी खिडक्या करा.